सतराशेच्या आत

बुटाची नाडी सुटली म्हणून रमणीकलाल वाकला, आणि सरळ होताना समोरची साबरमती त्याच्याबरोबर सरळ झाली नाही. ती कडेला कलली, पलीकडच्या काठावरचे दिवे तिच्यात घसरत गेले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण बसलो आहोत. पडलो नाही, बसलो आहोत, असं त्याने स्वतःला सांगितलं. फरशी दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होती आणि ती ऊब पँटमधून वर येत होती. चालायला आलेली माणसं त्याला वळसा घालून जात होती, रस्त्यात ठेवलेल्या सामानाला घालतात तसा. एक मुलगी मात्र थांबली. पळायचे बूट, हातात बाटली, मागे नवरा. "काका, चक्कर आली का? पाणी घ्या," ती म्हणाली. त्याने मान हलवली. "नको बेटा. चौविहार आहे माझा." तिला कळलं नाही. "सूर्य मावळल्यावर पाणी चालत नाही," तो म्हणाला. तिने पश्चिमेकडे पाहिलं, तिथे अजून थोडं तांबडं उरलं होतं. "अहो, मावळला तर मावळला! तोंड बघा तुमचं, राखेसारखं झालंय. दोन घोट घ्या, कोण बघतंय?" नवरा तिच्या दंडाला धरून म्हणाला, "राहू दे गं. जैन आहेत ते." एखाद्या दुखण्याचं नाव सांगावं तसं तो म्हणाला. पण रमणीकलालला त्या शब्दांनी बरं वाटलं. जीभ टाळूला चिकटली होती, कानात पंखा फिरत होता, पायाची नाडी तशीच सुटलेली होती, आणि तरी आत कुठेतरी त्याला बरं वाटलं. या बरं वाटण्याचंच त्याला घरी येईपर्यंत नवल वाटत राहिलं.

रिक्षात त्याने डोळे मिटले. तोंड खळ लावलेल्या कोऱ्या कापडासारखं कडक झालं होतं. चाळीस वर्षं कापडात गेली, त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टी कापडातच सुचत. घरी सांगायचं नाही, हे त्याने पालडीचं वळण येण्याआधीच ठरवलं. उद्या सकाळी रक्त द्यायला जायचं होतं, त्यासाठी किरीटही बरोबर येणार होता. किरीट म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा. दोन वर्षांपासून किरीट एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन मशीनला रक्त धुवायला देत होता आणि दिवसाचं पाणी पेल्याने मोजून पीत होता. त्याच्या दोन्ही किडन्या आता नावाला उरल्या होत्या. बायकोचा, मीताचा, रक्तगट जुळला नाही. रमणीकलालचा जुळला. सगळंच जुळलं, डॉक्टर पंड्यांनी कागद उलटेपालटे करून बघितले आणि शेवटी पेनाच्या टोकाने त्याच्या पोटाकडे दाखवलं. "फक्त हे आड येतंय. एवढ्या वजनावर मी चाकू लावणार नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही. दहा-बारा किलो उतरवा, नीट, तीन-चार महिन्यांत. मग तारीख काढू." किरीट बाजूच्या खुर्चीत होता. तो म्हणाला, "म्हणजे माझा जीव मोटाभाईंच्या फाफड्यात अडकलाय." सगळे हसले. रमणीकलालही हसला. हसताना त्याचं पोट टेबलाच्या कडेला लागलं.

पोट त्याच्याबरोबर लहानपणापासून होतं. पोळीतल्या घरात (त्यांच्या शहरात त्या अरुंद गल्ल्यांना पोळ म्हणतात) वडील आल्यागेल्याला सांगत, "हा पोट घेऊनच जन्माला आलाय, याच्याकडून तप व्हायचं नाही." ते रागावून सांगत नसत. दुकानातला माल दाखवावा तसं सांगत. रमणीकलाल पंधरा वर्षांचा असताना पर्युषणात, वर्षातल्या त्या आठ व्रताच्या दिवसांत, त्याने एक उपवास धरला आणि दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या पोळीत जाऊन गाठिये खाल्ले, उभ्याने, भिंतीकडे तोंड करून. त्याच वर्षी किरीटने अठ्ठाई केली. आठ वर्षांचं पोर, आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. पारण्याच्या दिवशी त्याला बग्गीत बसवलं होतं, डोक्याला जरीचा फेटा, गळ्यात हार, पुढे बँड. बायका खिडक्यांतून तांदूळ टाकत होत्या. किरीट झोपेला आला होता आणि त्याचे ओठ भेगाळले होते, पण तो हसत होता, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते. रमणीकलाल बग्गीच्या मागून चालत होता. त्याच्या हातात किरीटच्या चपला होत्या. उतरल्यावर लागतील म्हणून आईने दिल्या होत्या. चपला हातात आहेत याचं त्याला त्या दिवशी काही वाटलं नव्हतं; वाटलं असेल तर आठवत नाही. पण तांदळाचे दाणे बग्गीवरून उडून आपल्या डोक्यावर पडले आणि आपण ते झटकले नाहीत, हे आठवतं.

डॉक्टरांनी त्याला आहाराच्या बाईंकडे पाठवलं. उर्वी नावाची तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले, टेबलावर रबराच्या रोटल्या आणि प्लास्टिकच्या वाटीत प्लास्टिकची डाळ. रबराच्या रोटलीला काळे डागसुद्धा पाडलेले होते. तिने त्याचं वजन घेतलं, उंची घेतली, दिवसभरात काय खाता ते विचारलं, आणि तो सांगत असताना तिचा चेहरा जराही बदलला नाही याचं त्याला कौतुक वाटलं. मग तिने आकडेमोड करून एक आकडा सांगितला. सतराशे. "रोज सतराशे कॅलरी, काका. आणि संध्याकाळी तासभर चालणं. हळूहळू उतरेल, पण नीट उतरेल." रमणीकलालने सवयीने विचारलं, "बाराशेत नाही बसणार? लवकर होईल." ती म्हणाली, "नाही बसणार. तुम्ही चालणार, तर चालण्यालाही काही द्यावं लागतं ना? शरीराला एकदा दुष्काळ पडलाय असं वाटलं की ते चरबी ठेवतं आणि भिंती खायला लागतं. हे सतराशे खायचेच आहेत." तिने 'च' वर जोर दिला होता. तो त्याने ऐकला. पण मस्कती कापड मार्केटमध्ये चाळीस वर्षं बसलेल्या माणसाला समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा हा आकडा वाटतच नाही. तो बोलणं सुरू करायची जागा असते. समोरचा सतराशे म्हणाला म्हणजे त्याच्या मनात पंधराशे आहेत, आणि परवडतं त्याला तेराशेतही. उर्वीने रबराच्या चार रोटल्या त्याच्यापुढे मांडल्या तेव्हा त्याने मनातल्या मनात त्यातली एक बाजूला सारली होती.

पहिला आठवडा वाईट गेला. संध्याकाळी नदीकाठाहून परत येताना फरसाणाच्या दुकानासमोर त्याचे पाय आपोआप मंद व्हायचे. मग एका रात्री, आपण नुसतं कमी खात नाही, उणोदरी करतोय, असं त्याच्या मनात आलं. उणोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं. शास्त्रात त्याला तप म्हटलंय. लहानपणी पाठशाळेत बारा प्रकारची तपं पाठ करून घेत, त्यातलं हे दुसरं. तो शब्द ओठांवर आला तेव्हा त्याला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी दोन घास सोडणं सोपं गेलं. मग चार. तरला, त्याची बायको, संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायला वर्षानुवर्षं त्याच्या मागे होती. तेही त्याने सुरू केलं. मावळतीच्या आत जेवायचं, मग नदीकाठी चालायचं, मग दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तरला त्या दिवशी देवळात जाऊन आली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे आनंद, हे त्याला लग्नानंतर पंधरा वर्षांनी समजलं होतं.

सून बिनल त्याचं जेवण रोज फोनमध्ये भरायची. उर्वीनेच तशी सोय करून दिली होती. "पप्पा, रोटल्या किती झाल्या?" ती विचारायची. तो सांगायचा, "लिही तीन." वाढलेल्या तीन असायच्या हे खरं. त्यातली एक, कधी दीड, तो उठताना हातात घ्यायचा आणि खाली जाऊन कोपऱ्यावरच्या गाईला घालायचा. गाईला रोटली घालायला कुणाची ना नसते. गाय त्याची वेळ ओळखायला लागली होती. तिचा खरखरीत ओला ओठ तळहाताला लागायचा आणि वर येताना पायऱ्यांवर त्याला हलकं हलकं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात भूक मेली. एखाद्या खोलीतला दिवा कुणीतरी बंद करावा तशी ती गेली, आणि तिच्या जागी एक स्वच्छ, कोरडी, उजेडासारखी गोष्ट आली. सकाळी काट्यावर उभं राहिलं की काटा खाली सरकलेला असायचा. कॉलर मानेभोवती फिरायला लागली. गाल आत गेले, आणि आरशात त्याला वडिलांचं नाक दिसायला लागलं, जे इतकी वर्षं त्याच्या चेहऱ्यात कुठेतरी बुडून गेलं होतं.

उपाश्रयात, साधूंच्या व्याख्यानाला जमतात तिथे, त्याच्याकडे प्रथम प्रवीणचंद्रने बघितलं. प्रवीणचंद्र जैन संघाचा कारभार बघायचा, समोरच्या विंगमध्ये राहायचा, आणि कोण काय तप करतंय हे त्याला सगळ्यात आधी माहीत असायचं. "रमणीकभाई, किती उतरलात! कोणतं तप चाललंय?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, भावाला किडनी द्यायची आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण रमणीकलाल हसला आणि म्हणाला, "काही नाही, आपलं थोडं थोडं." प्रवीणचंद्रने हात जोडले. "अनुमोदना, अनुमोदना. सांगत पण नाही कुणाला! याला म्हणतात तप." आसपासच्या दोघाचौघांनी वळून पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते रमणीकलालला लगेच ओळखू आलं. ते त्याने पूर्वी एकदाच, आणि तेही बग्गीच्या मागून बघितलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी तो नदीकाठी नेहमीपेक्षा लांब चालला. किरीटची आठवण आपल्याला दिवसभरात झाली नाही, हे त्याला पुलाखालून परत फिरताना जाणवलं, आणि त्याने ते एखादं दुकान बघून न बघितल्यासारखं मागे टाकलं.

आता रिक्षा घराशी थांबली तेव्हा ते सगळं परत आलं होतं. तरलाने विचारलं, "आज उशीर?" तो म्हणाला, "वारा होता, बसलो जरा." बसलो हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर पंड्यांनी सगळ्यांना बोलावलं. बिनल गाडी चालवत होती. किरीट पुढे बसला होता, डाव्या हाताची बाही वर सरकवलेली. मनगटाच्या वर मशीनसाठी जोडलेली शीर दोरखंडासारखी फुगलेली होती आणि खड्ड्यातून गाडी गेली की तो त्या हाताला दुसऱ्या हाताने झेलायचा. डॉक्टरांनी आधी वजन बघितलं. हवं त्याच्याही खाली गेलं होतं. रमणीकलाल शाबासकीची वाट बघत होता, आणि आपण वाट बघतोय हे त्याला दिसतही होतं. डॉक्टर दुसरा कागद बघत राहिले. "रमणीकभाई, तीन महिन्यांपूर्वी तुमची किडनी तरुण माणसासारखी चालत होती. आज क्रिएटिनिनचा आकडा वर गेलाय. लघवीत जे दिसायला नको ते दिसतंय. पाणी किती पिता?"

"पितो ना. दिवसा."

"दिवसा म्हणजे?"

"सूर्य असेपर्यंत."

"आणि चालता कधी?"

"त्याच्यानंतर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे या उकाड्यात तासभर घाम गाळायचा आणि मग सकाळपर्यंत थेंब नाही. बरं. खाता किती?"

"सतराशेच्या आत."

"किती आत?"

बिनलने फोन पुढे केला. "सोळाशे-साडेसोळाशे रोज, डॉक्टर. मी स्वतः भरते."

"गाईचे धरून?" किरीट म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. किरीट आपल्या हातावरची शीर बघत होता. "मी वरून बघतो. घरी असलो की खिडकीशिवाय मला दुसरं काम काय? मोटाभाई दुपारी उतरतात, संध्याकाळी उतरतात. त्या गाईला एकदा तपासा डॉक्टर, तिला बारा किलो उतरवायला सांगायची वेळ आलीय." तो हसला नाही, म्हणून कुणीच हसलं नाही.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. कायमचं काही बिघडलं असेल असं वाटत नाही, पण खात्री नाही. महिनाभर पोटभर खायचं, दिवसरात्र पाणी प्यायचं, मग पुन्हा रक्त तपासायचं. आकडा खाली आला तर तारीख. आला नाही तर दुसरा दाता शोधायचा, आणि दुसरा दाता नाही हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. "आज तुमची किडनी मी कुणालाही देणार नाही," ते म्हणाले. "तुम्हालाच ती कशीबशी पुरतेय."

उर्वी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होती. तिने फोनमधलं सगळं बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. या वेळी तिचा चेहरा बदलला. "काका, मी तुम्हाला हद्द घालून दिली नव्हती हो. जेवण दिलं होतं." तिने आकडा वाढवला, दोन हजार. वजन आता उतरवायचं नाही, आहे तिथे धरायचं. चालणं सकाळी, खाऊनपिऊन, अर्धा तास. "आणि यात घासाघीस नाही," ती म्हणाली. म्हणजे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

परतीच्या रस्त्यावर बिनल पेट्रोल भरायला उतरली तेव्हा दोघे भाऊ गाडीत होते. किरीट पुढे बघत बोलला. "मला सकाळी पेला भरून पाणी मिळतं, दुपारी पेला, रात्री अर्धा. उन्हाळ्यात मी बर्फाचा खडा तोंडात धरून तो विरघळू नये म्हणून नाकाने श्वास घेत बसतो. आणि तुम्हाला नदीकाठी कुणी फुकट बाटली देत होतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. काल. वर येऊन सांगत होता ना, एका मुलीने पाणी दिलं, मी घेतलं नाही. किती खुशीत सांगत होता."

रमणीकलालला ते आठवलं. तरलाला नाही सांगितलं, किरीटला सांगितलं.

"मोटाभाई, मी आठ वर्षांचा असताना अठ्ठाई केली ना, तिसऱ्या दिवशी मला उलटी झाली होती. मी रडत होतो, आईला सांग मला खायचंय म्हणून. तुम्हालाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, आता सोडलीस तर बग्गी मिळणार नाही." "मला तुमचं तप नको. मला तुमची किडनी पाहिजे. चरबीत गुंडाळून दिलीत तरी चालेल." बिनल परत आली, दार उघडलं, पेट्रोलचा वास आत आला. "चला," ती म्हणाली, आणि दोघांची तोंडं बघून तिने गाडी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी किरीट रडला होता हे रमणीकलालला आठवेना. त्याने खूप प्रयत्न केला. चपला आठवत होत्या, तांदूळ आठवत होते. रडणारं तोंड कुठेच नव्हतं. किरीट खोटं बोलणार नाही. मग ते पोर ज्याच्याजवळ रडलं तो मोठा भाऊ गेला कुठे, याचा तो पुढे बरेच दिवस विचार करत राहिला, तिसऱ्याच कुणाचा करावा तसा, शांतपणे, सकाळी चालताना आणि रात्री उठून पाणी पिताना. रात्रीचं पाणी फार कठीण गेलं. स्वयंपाकघरात अंधारातच तो पेला भरायचा. दिवा लावला तर तरला जागी होईल, असं तो स्वतःला सांगायचा. घोट खाली उतरताना गळ्यात आवाज व्हायचा आणि तो आवाज त्याला सगळ्या इमारतीत ऐकू जाईल एवढा मोठा वाटायचा. खाणं त्याहून कठीण होतं. मेलेली भूक परत येत नव्हती. तो ताटासमोर बसायचा आणि घास तोंडात इकडून तिकडे फिरवायचा. लहानपणी ज्याने भिंतीकडे तोंड करून गाठिये खाल्ले तो हाच माणूस, हे त्याला खरं वाटायचं नाही. गाईकडे जाणं त्याने बंद केलं. ती दोन दिवस फाटकाशी येऊन उभी राहिली आणि मग आली नाही.

त्यातच पर्युषण लागलं. तरलाने अठ्ठाई धरली. ती दर दोन-तीन वर्षांनी धरायची, गाजावाजा न करता. घरात हिरवी भाजी बंद झाली, कोथिंबीरसुद्धा. उपाश्रयात रमणीकलाल मागे बसायला लागला. पाचव्या दिवशी प्रवीणचंद्र त्याच्या कानाशी लागला. "वहिनींची अठ्ठाई आहे कळलं. तुमचीही असणारच. यंदा जोडीने बग्गी काढू, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. वहिनींना विचारू नका, तुम्ही फक्त मान हलवा." रमणीकलालने मान हलवली नाही. नाहीही म्हणाला नाही. व्याख्यान चाललं होतं, बोलायची जागा नव्हती, असं तो नंतर मनाशी म्हणाला. त्या दिवशी त्याने दोन रोटल्या कमी खाल्ल्या आणि संध्याकाळी, कुणी न सांगता, त्या दुधाबरोबर भरून काढल्या. रक्त द्यायचा दिवस संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, नंतरच्या सोमवारी होता.

संवत्सरीच्या सकाळी सगळी इमारत उपाशी होती. एरवी सातलाच कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. आज फक्त जिन्यात नव्या कपड्यांची सळसळ होती. बिनलचाही उपवास होता आणि ती लवकर उपाश्रयात गेली होती, जाताना म्हणाली, "पप्पा, मी येऊन करते तुमचं," आणि तो म्हणाला, "खाखरे आहेत, दूध आहे, तू ये सावकाश." तो खाखऱ्याचा डबा शोधत असताना तरला भिंतीला हात लावत आत आली. आठवा दिवस. तिची कातडी कागदासारखी झाली होती आणि डोळे मोठे दिसत होते. "खाखऱ्यांनी दोन हजार कुठे भरायचे?" ती म्हणाली.

"तू पड. तुझा आठवा दिवस आहे."

"पडून काय करू? पोट रिकामं आहे, हात रिकामे नाहीत." तिने परातीत पीठ घेतलं. तो 'नको' म्हणत राहिला आणि ती मळत राहिली. मुगाची डाळ शिजायला लागली. मग तिने तुपात जिरं टाकलं, आणि त्या फोडणीचा वास खिडकीतून बाहेर, मधल्या चौकात, समोरच्या विंगच्या बाल्कन्यांमध्ये पसरत गेला. रमणीकलाल तो वास जाताना बघत होता, जणू तो दिसत होता. किरीट आपला डबा घेऊन खाली आला. त्याचा भात पाणी काढून टाकलेला, भाजी दोनदा उकळून सत्त्व काढलेली, मीठ नाही. त्यालाही उपवास करता येत नव्हता. आजच्या दिवशी अख्ख्या इमारतीत जेवणारे हे दोघेच. "चला मोटाभाई, पंगत," तो म्हणाला आणि टेबलाशी बसला.

दार लोटलेलंच होतं. प्रवीणचंद्र आत आला, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. "वहिनी, गाडी खाली आणलीय, आणि रमणीकभाई, तुम्ही पुढे..." त्याने ताट बघितलं. डाळीवर तूप तरंगत होतं. रमणीकलालच्या हातात रोटलीचा तुकडा होता, डाळीत बुडवलेला, आणि त्यातून थेंब टेबलावर पडत होता. तुकडा खाली ठेवता आला असता. किरीटसाठी वाढलंय, असंही म्हणता आलं असतं. प्रवीणचंद्रच्या डोळ्यांत तो प्रश्न तयारच होता, तो किरीटकडे वळलाही होता. रमणीकलालने तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. मग म्हणाला, "मी जेवतोय, प्रवीणभाई. माझं तप नव्हतं काही. डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलं होतं, ते मी जास्त उतरवलं. आता खायला सांगितलंय."

"आज? संवत्सरीला?"

"आज पण."

"मी तर महाराजसाहेबांना सांगून बसलोय, जोडीने अठ्ठाई म्हणून!"

"त्यांना सांगा, नाही म्हणून."

प्रवीणचंद्रने उपरणं सावरलं. मग तरलाकडे वळून, फक्त तिच्याकडे, त्याने हात जोडले, तप करणाऱ्याची खुशाली विचारतात तसे. "शातेत ना, बेन? गाडी थांबवतो खाली." त्याच्या पावलांचा आवाज जिन्यात उतरत गेला.

"दुपारपर्यंत अख्ख्या पालडीला कळेल," किरीट म्हणाला.

"कळू दे."

"बग्गी गेली."

"गेली."

किरीटने बिनमिठाचा भात कालवला. तो खाली बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते रमणीकलालला कळलं नाही. त्याने दुसरी रोटली संपवली. तिसरी घेतली, उर्वीने सांगितली होती म्हणून, औषध घ्यावं तशी. घास चावत असताना बरगडीखाली काहीतरी हललं. प्रथम त्याला वाटलं पोट बिघडलं. मग तो थांबून त्याच्याकडे लक्ष देऊन राहिला. ती मागच्या महिन्यांतली कोरडी, उजेडाची गोष्ट नव्हती. ही खालून येत होती, जड, ओली, निलाजरी. तुपाचा वास आता बाहेर कुठे जात नव्हता, सगळा याच टेबलावर होता. तोंडात पाणी सुटलं. त्याने तिसरी रोटली चार घासांत संपवली, वाटी बोटाने पुसली आणि बोट चाटलं. तरलाने तोवर गॅस बंद केला होता आणि ती ओट्याला टेकून उभी होती, डोळे मिटून.

"तरला," तो म्हणाला. "अजून एक मिळेल?"

तिने डोळे उघडले. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग किरीटकडे.

"दोन हजारांच्या वर जाईल, वहिनी," किरीट म्हणाला. "द्या त्यांना."

पीठ संपलं होतं. तिने परातीच्या कडांना लागलेलं नखाने खरवडून काढलं, त्याची सुपारीएवढी गोळी झाली, आणि गॅस पेटवून ती लाटायला लागली. ती हळू लाटत होती. रमणीकलाल रिकाम्या ताटावर हात ठेवून वाट बघत बसला.